अंकीय कर्तन यंत्र

संगणकाकडून मिळणाऱ्या अंकरूप आज्ञांनुसार सुरी हलवून कापड, चामडे, पुठ्ठा, फोम, रबर, प्लॅस्टिकचा पत्रा इ. सपाट पसरलेल्या पदार्थांतून ठरावीक आकाराचे तुकडे कापून काढणारे औद्योगिक यंत्र. तयार कपडे, पादत्राणे, मोटारगाड्यांची आसने, वेष्टने, जाहिरातफलक तसेच काचतंतू व कार्बनतंतू वापरून केलेले विमानांचे भाग यांच्या कारखान्यांत ते वापरतात. लेसर किरणाने किंवा पाण्याच्या झोताने कापणारी यंत्रेही अंकीय नियंत्रणावरच चालतात. परंतु त्यांचे धोके व त्यांची निगा निराळी असल्याने येथे सपाट मंचावर सुरीने कापणाऱ्या यंत्राचाच विचार केला आहे.

इतिहास : कापडाचे अनेक थर एकावर एक रचून ते एकदम कापण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. इंग्लंडमध्ये लीड्स येथील कपड्यांचे उत्पादक जॉन बॅरन यांनी लाकूड कापण्याच्या पट्टाकरवतीवरून सुचलेली पट्टासुरी १८५८ मध्ये कापडासाठी वापरात आणली. १८८८ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे ईस्टमन यांचे विजेवर चालणारे, हाताने ढकलावयाचे कर्तन यंत्र तयार झाले. या दोन्ही यंत्रांत सुरीला बळ यंत्राचे मिळे, पण वाट कारागिराचा हात दाखवी. भारतात ‘कटिंग मास्टर’ या नावाने ओळखला जाणारा कारागीर आजही अनेक लहान कारखान्यांत अशीच उभ्या पात्याची सुरी चालवतो व डाव्या हाताच्या संरक्षणासाठी पोलादी कड्यांचा विणलेला हातमोजा घालतो.

आकड्यांच्या साहाय्याने यंत्र चालवण्याची कल्पना धातुकामातून आली. जॉन टी. पार्सन्स यांच्या कल्पनेवर आधारलेले व छिद्रित फितीवरील आज्ञांनुसार चालणारे मिलिंग यंत्र १९५२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने चालवून दाखविले. धातूचा ठोकळा पकडीत घट्ट बसतो. कापड मात्र सुरीपुढे सरकते, चुणते व दबते. ही अडचण व्हिएन्ना येथे जन्मलेले व १९४० मध्ये अमेरिकेत आलेले जोसेफ गर्बर (१९२४–९६) यांनी सोडविली. त्यांनी मंचाचा पृष्ठभाग कुंचल्यासारख्या ताठ केसांचा केला व खालून हवा शोषून कापडाचे थर त्यावर दाबून धरले. त्यांच्या कंपनीचे पहिले कापड कर्तन यंत्र १९६९ मध्ये बाजारात आले. फ्रान्समध्ये १९७३ साली स्थापन झालेली लेक्ट्रा ही कंपनी या क्षेत्रात त्यांची प्रतिस्पर्धी होती. तिनेच २०२१ मध्ये गर्बर यांची कंपनी विकत घेतली.

हाताने सुरी चालवताना कारागिराचे डोळे पात्यावर असतात आणि पुढच्या क्षणी पाते कोठे जाणार हे त्याला ठाऊक असते. अंकीय यंत्रात हे ज्ञान हातातून निघून नियंत्रकाकडे गेले. यंत्र वापरताना घ्यावयाच्या खबरदारीचे बहुतेक प्रश्न या एका बदलातून उद्भवले आहेत.

रचना व कार्य : यंत्राचा मंच काही मीटर लांब असतो. त्याच्या दोन्ही कडांवरील रुळांवरून एक आडवा पूल पुढे-मागे सरकतो आणि पुलावरून कर्तनशीर्ष डावी-उजवीकडे सरकते. या दोन गतींच्या संयोगाने मंचावरील कोणताही बिंदू गाठता येतो. तिसरी गती सुरी उचलण्याची व टेकविण्याची असते. पाते रुंद असल्याने त्याचे तोंड नेहमी कापण्याच्या दिशेला ठेवावे लागते, म्हणून सुरीला स्वतःभोवती फिरविणारी चौथी गतीही लागते. कोपऱ्यावर सुरी वर उचलली जाते, वळते व पुन्हा खाली येते. प्रत्येक गतीसाठी स्वतंत्र मोटर असून तिच्या आसाला जोडलेला संवेदक तिची जागा नियंत्रकाला सतत कळवीत असतो. पुढारलेल्या यंत्रांत शीर्षाचा वेग सेकंदाला १ मी. पेक्षाही अधिक असतो.

यंत्रांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्यात कापडाची चळत कापतात. शोषणाने दाबल्यावर ही चळत सु. ७ सेंमी. पर्यंत जाड असू शकते. लांब, अरुंद पाते वेगाने वरखाली होत चळतीच्या तळापर्यंत व पुढे मंचाच्या केसांत शिरते. दुसऱ्या वर्गात पदार्थाचा एकच थर नमद्यासारख्या जाड पट्ट्यावर पसरून कापतात. येथे शीर्षाला पदार्थानुसार निरनिराळी हत्यारे जोडता येतात : पातळ पत्र्यासाठी नुसती ओढली जाणारी सुरी, फोम व पन्हळी पुठ्ठ्यासाठी दर मिनिटास हजारो वेळा कंप पावणारी सुरी, कापडासाठी फिरती चकती, पुठ्ठ्यावर घडी पाडण्यासाठी बोथट चाक आणि कठीण फळ्यांसाठी वेगाने फिरणारे कर्तक.

शोषणाचे बळ सहसा लक्षात येत नाही. मंचाखालील दाब वातावरणीय दाबाच्या एक-पंचमांशाने जरी कमी झाला, तरी मंचाच्या दर चौ. मी. वर सु. २ टन वजनाएवढा भार पडतो. चळतीवर पातळ प्लॅस्टिकचा ताव अंथरतात तो याच कारणाने. त्यामुळे कापडातून हवा खाली जात नाही व ही दाबशक्ती टिकते. कापून झालेल्या फटींतून हवा निसटू लागली की पकड सैल होते. म्हणून काही यंत्रांत सुरीच्या मागोमाग तो भाग पुन्हा प्लॅस्टिकने झाकण्याची सोय असते, तर काहींत मंचाचे विभाग पाडून फक्त आवश्यक तेवढ्याच विभागांतून हवा शोषतात.

थांबलेले यंत्र व बंद यंत्र : या यंत्राची सर्वांत घातक अवस्था ते धावत असतानाची नव्हे. धावणारे शीर्ष आवाज करते व त्याच्यापासून माणूस आपोआप दूर राहतो. नियंत्रक पुढील आज्ञेची वाट पाहत असताना, संगणक मोठ्या आकृतीचे गणित करीत असताना किंवा एखाद्या संवेदकाच्या संकेतासाठी यंत्र खोळंबले असताना ते पूर्णपणे स्तब्ध असते. ते बंद पडले आहे अशी चालकाची समजूत होते व तो अडकलेला तुकडा काढण्यासाठी हात आत घालतो. मोटरींना मात्र वीजपुरवठा चालूच असतो. किंबहुना शीर्षाला जागेवर घट्ट धरून ठेवण्यासाठीच त्या कार्यरत असतात. खोळंब्याचे कारण दूर होताच शीर्ष कोणतीही पूर्वसूचना न देता पूर्ण वेगाने निघते. अडकलेला तुकडा हेच जर खोळंब्याचे कारण असेल, तर तो काढणारा हातच यंत्र सुरू करतो.

यंत्रांच्या विद्युत् सामग्रीविषयीच्या ६०२०४ या आंतरराष्ट्रीय मानकात थांबण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘शून्य’ प्रकारात मोटरींची वीज तत्काळ तोडली जाते. ‘एक’ प्रकारात यंत्राला आधी नियंत्रित रीतीने थांबवून मग वीज तोडतात. ‘दोन’ प्रकारात यंत्र थांबते, पण वीज राहते. पिवळ्या पार्श्वभूमीवरील लाल, छत्रीच्या आकाराचे आणीबाणीचे बटण पहिल्या दोहोंपैकी एका प्रकारचेच असावे लागते. पडद्यावरील ‘विराम’ ही खूण मात्र बहुधा तिसऱ्या प्रकारची असते, आणि नवशिका चालक हात घालण्यापूर्वी नेमकी तीच वापरतो. आणीबाणीचे दाबलेले बटण फिरवून पूर्वस्थितीत आणल्याने यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, असाही दंडक आहे. सुरू करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

शीर्षाच्या वाटेत माणूस आल्यास यंत्र थांबावे म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना दाबाने संवेदन करणाऱ्या पट्ट्या बसवितात किंवा मंचाच्या कडेने अदृश्य प्रकाशकिरणांचा पडदा उभा करतात. किरण तुटला की थांबण्याची आज्ञा जाते. मात्र हा पडदा पात्यापासून किती अंतरावर असावा याचे गणित आहे. चालत येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मी. आणि नुसत्या पुढे केलेल्या हाताचा २ मी. धरतात. किरण तुटल्यापासून यंत्र पूर्ण थांबेपर्यंत ०.४ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात माणूस ६४ सेंमी. पुढे आलेला असतो. पडदा याहून जवळ असल्यास तो केवळ समाधानापुरता ठरतो. थांबण्याचा काळ यंत्र जुने होते तसा वाढतो. पट्टे सैल होतात, रोधक झिजतात. म्हणून कारखान्यात यंत्र बसविताना मोजलेले अंतर कायमचे बरोबर मानणे चूक आहे.

कायद्यांच्या भाषेतही हा फरक उमटलेला दिसतो. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ मध्ये यंत्राचे धोकादायक भाग गतिमान वा वापरात असताना त्यांना कुंपण हवे असे म्हटले होते. कलम २२ गतिमान यंत्रावरील कामाविषयी, तर कलम २३ अल्पवयीन कामगारांना प्रशिक्षणाविना धोकादायक यंत्रावर न ठेवण्याविषयी होते. हा अधिनियम पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला. त्याची रचना कप्प्या, पट्टे व लांब दंड यांनी चालणाऱ्या गिरण्या डोळ्यांपुढे ठेवून झाली होती. अशा गिरणीत फिरते ते धोक्याचे व थांबले ते निर्धोक, ही विभागणी पुरेशी होती. अमेरिकेत १९८९ मध्ये झालेल्या नियमाने ‘अनपेक्षितपणे सुरू होणे’ हाच धोका मानला व दुरुस्तीपूर्वी ऊर्जेचा प्रत्येक स्रोत तोडून त्यावर कुलूप घालणे बंधनकारक केले. अंकीय यंत्रास हीच दृष्टी लागू पडते.

कुलूप घालण्याची रीत साधी आहे. मुख्य स्विच बंद करून त्याच्या कडीत दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावावयाचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावयाची व नाव लिहिलेली पट्टी अडकवावयाची. दोघे काम करीत असल्यास कुलपेही दोन. दुसऱ्याचे कुलूप आपण काढावयाचे नाही, मग पाळी संपलेली असो वा माल निकडीचा असो. त्यानंतर सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखरच मेले आहे याची खात्री करतात. एवढ्यानेही सर्व ऊर्जा नाहीशी होत नाही. मोटरींच्या नियंत्रक पेट्यांतील विद्युत् धारित्रे वीज तोडल्यावरही काही मिनिटे भारित राहतात. पेटीवर लिहिलेला काळ उलटेपर्यंत झाकण उघडू नये. नळ्यांतील दाबयुक्त हवा सोडून द्यावी लागते, नाहीतर वर उचललेले हत्यार अचानक खाली येते. उभ्या आसावरील जड शीर्षाला रोधक नसल्यास ते वीज जाताच स्वतःच्या वजनाने उतरते. त्याखाली लाकडी ठोकळा ठेवणे हा जुना उपाय आजही तितकाच उपयुक्त आहे.

दैनंदिन वापर : काम सुरू करण्यापूर्वी चालकाने मंचाभोवती एक फेरी मारून पाहणे आवश्यक असते. चळतीत राहिलेली टाचणी, चिमटा किंवा मंचावर विसरलेली कात्री पात्याचे तुकडे करण्यास पुरेशी असते. टंगस्टन कार्बाइडचे पाते अत्यंत कठीण पण ठिसूळ असते. ते वाकत नाही, तडकून उडते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतो तो यासाठी. पुठ्ठा दमटपणाने वाकलेला असेल, तर त्याची वर आलेली कड शीर्षाला अडते व पत्रा जागचा हलतो. अशा पत्र्याच्या कडा चिकटपट्टीने मंचावर बसवाव्या लागतात. ओढणी, पदर, गळ्यातील साखळी, सैल बाह्या व मोकळे केस पुलाजवळ नकोत. हातमोज्यांविषयी एक गैरसमज आहे. पाते हाताळताना कापले न जाणारे मोजे अवश्य घालावेत, परंतु फिरते कर्तक बसविलेल्या शीर्षाजवळ मोजा घातलेला हात अधिक धोक्यात असतो, कारण मोज्याचे सूत गुंडाळले जाऊन हात आत ओढला जातो.

पहिला तुकडा सावकाश वेगाने कापून पाहण्याची प्रथा आहे. घाईच्या दिवशी तीच प्रथम सोडली जाते. आकृतीचा आरंभबिंदू चुकीचा घेतला गेला असेल किंवा पदार्थाची जाडी चुकीची नोंदली असेल, तर ते येथेच कळते. कापलेले तुकडे उचलण्याची जागा आणि कापण्याची जागा वेगळी ठेवणे हे सर्वांत उत्तम. सरकत्या पट्ट्याच्या यंत्रात तुकडे आपोआप पुढे येतात. स्थिर मंचाच्या यंत्रात एका टोकाला कापणे चालू असता दुसऱ्या टोकाला वाकून तुकडे वेचण्याचा मोह होतो. वेळ वाचतो हे खरे. पण पुढची आकृती कोणत्या टोकापासून सुरू होणार हे वेचणाऱ्याला माहीत नसते.

मध्येच वीज गेल्यास शोषण थांबते, चळत फुगते व कापड किंचित सरकते. संगणक बॅटरीवर चालू राहिलेला असेल तर त्याच्या लेखी काम अर्धवट उभे असते. वीज परत येताच तेथूनच पुढे कापू दिल्यास उरलेले सर्व तुकडे चुकीचे निघण्याचा संभव असतो. आधी काम रद्द करावे, शीर्ष मूळ स्थानी न्यावे व मगच शिल्लक भागाची नव्याने मांडणी करावी.

पाते : या यंत्राच्या निगेचा निम्मा भाग पात्याचा आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बोथट पाते कापत नाही, ढकलते. चळतीत ते वळणावर बाजूला वाकते, त्यामुळे वरचा तुकडा आकृतीबरहुकूम व तळाचा काही मिमी. लहान-मोठा निघतो, शिवणाऱ्याला त्याचे कारण कधीच कळत नाही. पात्यावरील आडवा दाब मोजून त्याचा कोन किंचित बदलणारी यंत्रे आहेत, परंतु ती बोथटपणाची भरपाई करतात, धार आणत नाहीत. घर्षणाने तापलेल्या पात्यामुळे कृत्रिम धाग्यांच्या कडा वितळून एकमेकींस चिकटतात. नायलॉनचा एक सामान्य प्रकार सु. २२०° से. ला व पॉलिएस्टर सु. २६०° से. ला वितळते. अशा वेळी वेग कमी करतात, थरांमध्ये पातळ पॉलिथिनचे ताव घालतात किंवा पात्यावर थंड हवा सोडतात.

चळत कापणाऱ्या यंत्रांत पात्याला धार लावणारी अपघर्षक चाके शीर्षातच असतात व ठरावीक लांबी कापून झाल्यावर ती आपोआप पात्याला भिडतात. ही चाके स्वतः झिजतात. एकच बाजू झिजली तर पात्याची धार मध्यापासून सरकते. प्रत्येक वेळी पात्याची रुंदी कमी होत जाते आणि ती मर्यादेखाली गेली की पाते बदलावेच लागते.

पाते बदलण्याचे काम दिवसातून अनेकदा करावे लागत असल्याने त्याचे भय उरत नाही. यंत्राचा मुख्य स्विच दर वेळी बंद करणे व्यवहार्य नसते, म्हणून उत्पादक शीर्ष मंचाच्या कडेला आणून सर्व मोटरींची वीज तोडणारी विशेष अवस्था देतात. तिची खूण दिसल्याशिवाय पेच सैल करू नये. सुरी बसविणारा पेच फिरवताना हात पात्याच्या दिशेने निसटतो, हे लक्षात घेऊन पान्याची दिशा उलट ठेवतात. नवे पाते आवरणातच धरून बसवावे व आवरण शेवटी काढावे. जुने पाते रद्दी कागदाच्या टोपलीत टाकल्यास यंत्र न चालविणाऱ्या सफाई कामगाराचा हात कापला जातो. त्यासाठी यंत्राजवळ झाकणाचा, अरुंद फटीचा धातूचा डबा ठेवतात. पाते मोडले असेल, तर त्याचे सर्व तुकडे जुळवून पाहतात. न सापडलेला तुकडा बहुधा कापडात असतो, आणि ते कापड लहान मुलाच्या अंगरख्याचेही असू शकते.

नवे पाते बसविल्यावर त्याचे टोक मंचापासून किती उंचीवर आहे हे नियंत्रकास नव्याने सांगावे लागते. टोक पदार्थाच्या तळाखाली अगदी थोडे जावे. कमी गेल्यास तुकडे सुटत नाहीत, जास्त गेल्यास मंचाचा पट्टा चिरत जातो व शेवटी त्यातून हवा गळू लागते.

इतर निगा : शोषण कमी झाले की दोष बहुधा पंपात नसून गाळणीत असतो. कापडाचे तंतू, फोमचे कण व कागदाची भुकटी गाळणीत व केसांच्या ठोकळ्यांत साचते. ठोकळे वेळोवेळी शोषकाने स्वच्छ करतात. मंचाच्या मध्यभागी झिजलेले ठोकळे कडेला व कडेचे मध्यभागी बसविल्यास मंच अधिक काळ टिकतो. दाबयुक्त हवेने भुकटी उडवून देण्याची सवय वाईट आहे, कारण ती रुळांच्या फटींत, विद्युत् पेट्यांत व माणसाच्या फुप्फुसांत जाते. कार्बनतंतूंची धूळ विद्युत्‌वाहक असल्याने नियंत्रक पेटीत शिरल्यास संक्षेप घडवून आणते. असे पदार्थ कापणाऱ्या यंत्रांच्या पेट्या हवाबंद असाव्या लागतात. प्लॅस्टिक व फोम कापताना स्थिर विद्युत् साठते, म्हणून मंच भूमीला जोडलेला असावा व ती जोडणी मोजून पाहावी. शोषण पंपाचा आवाज दिवसभर ऐकण्याजोगा नसतो. तो शक्यतो भिंतीपलीकडे बसवितात.

रुळांना वंगण थोडे व नियमित द्यावे. भरपूर वंगणावर तंतू चिकटून त्यांची खळ बनते व तीच बेअरिंगांना झिजविते. दाते असलेल्या पट्ट्यांचा ताण, पुलाच्या दोन्ही टोकांची समांतरता आणि तारांच्या लवचिक साखळीची स्थिती महिन्यातून एकदा तरी पाहावी लागते. आणीबाणीचे प्रत्येक बटण व प्रकाशपडदा मात्र दर पाळीच्या आरंभी चालवून पाहावा. ज्या बटणाची वर्षभर गरज पडली नाही ते गरज पडेल तेव्हा चालेलच असे नाही.

यंत्र काटकोनात कापते की नाही हे पाहण्यास महागड्या उपकरणाची गरज नाही. पातळ पुठ्ठ्याचा १ मी. बाजूचा चौरस कापून त्याचे दोन्ही कर्ण मोजतात. प्रत्येक कर्ण सु. १,४१४ मिमी. भरला पाहिजे. दोहोंत १ मिमी. चा फरक असल्यास पूल दर मीटरला सु. ०.७ मिमी. तिरपा झाला आहे असे समजावे. शीर्ष कशावर तरी आपटल्यानंतर हे मापन केल्याशिवाय यंत्र पुन्हा उत्पादनास लावू नये. आदळण्याच्या धक्क्याने पूल सरकतो, रूळ वाकतो व थांबण्याचे अंतरही बदलते.